चौदाव्या ओळीतली सहावी पट्टी

सॉलिसिटर मंडळाच्या कचेरीत शिरलं की उजव्या हाताच्या भिंतीवर एक मोठा लाकडी फलक दिसतो. त्याला आडव्या खाचा आहेत आणि खाचांमध्ये बोटभर रुंदीच्या पट्ट्या सरकवलेल्या आहेत. एका पट्टीवर एक नाव. शहरात ज्याच्याकडे सॉलिसिटरीची सनद आहे त्याची पट्टी इथे असणारच. पट्टी नसेल तर दारावर पितळेची कितीही मोठी पाटी असो, तो सॉलिसिटर नव्हे. सभासद वारला की त्याची पट्टी काढून वरच्या खणात ठेवतात. सनद रद्द झाली तर खालच्या खणात. आणि सनद काही काळापुरती बंद झाली तर पट्टी जागच्या जागी राहते, फक्त उलटी. नाव भिंतीकडे, कोरी बाजू लोकांकडे.

हे घालणं, काढणं, उलटणं गेली एकतीस वर्षं एकच बाई करत आल्या आहेत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलंय. सगळे त्यांना शिक्केबाई म्हणतात, कारण मंडळात येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या खिडकीशी येतो, त्यावर तारखेचा शिक्का बसतो, आवक वहीत नंबर पडतो आणि मगच तो पुढे सरकतो. तीन महिन्यांच्या बदलीवर टायपिस्ट म्हणून त्या आल्या होत्या. ज्यांच्या जागी आल्या त्या बाई बाळंतपणाहून परतल्याच नाहीत, आणि ते बाळ आता स्वतः सॉलिसिटर होऊन सोळाव्या ओळीत लागलंय.

"अध्यक्ष दोन वर्षांनी बदलतात, शिक्क्याचं रबर पाच वर्षांनी," असं शिक्केबाई म्हणतात. "मला बदलायचं कुणाच्या लक्षातच येत नाही."

कामात अशा चोख, पण जिवाने भित्र्या. गॅस बंद केला ना हे पाहायला त्या जिन्यावरून दोनदा परत येतात. लेकीला यायला पंधरा मिनिटं उशीर झाला की त्यांच्या मनात ती आधी बसखाली सापडते, मग दवाखान्यात पोचते, आणि दाराची बेल वाजली की जिवंत होते. त्यांचे यजमान भूगोलाचे निवृत्त मास्तर. ते म्हणतात, "तुझ्या आईच्या डोक्यात रोज एक भूकंप होतो. नकाशात शोधायला जावं तर कुठेच सापडत नाही."

हे ते लेकीला सांगतात. लेकीला घरात ढब्बू म्हणतात. जन्मली तेव्हा गुटगुटीत होती म्हणून. आता काडीसारखी आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. चार वर्षांपूर्वी तिला सनद मिळाली तेव्हा तिची पट्टी शिक्केबाईंनीच फलकात सरकवली होती. चौदाव्या ओळीत, सहावी. तेव्हापासून सकाळी आल्या आल्या त्या रुमालाने पूर्ण चौदावी ओळ पुसतात. एकच पट्टी पुसली तर कुणाला दिसेल, म्हणून पूर्ण ओळ.

मंडळाच्या वाचनालयात रोज एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचायला येतात. एके काळचे नावाजलेले सॉलिसिटर. नऊ वर्षांपूर्वी एका कागदावरची तारीख त्यांनी मागे नेली आणि पट्टी खालच्या खणात गेली. मंडळाने त्यांना वाचनालयात बसू दिलंय, तेवढंच. ते फलकासमोरून जाताना मान खाली घालून जातात. एकदाच त्यांनी खिडकीशी येऊन हळूच विचारलं होतं, "बाई, माझी आहे ना अजून खणात? टाकून नाही ना दिलीत?" शिक्केबाईंनी खण उघडून पट्टी दाखवली. ते "बरं, बरं" म्हणाले आणि परत जाऊन तेच पान वाचत बसले. त्या दिवसापासून खालचा खण उघडायचं काम बाई दिवसाच्या शेवटी ठेवतात.

दर वर्षी कार्यकारिणी मंडळाची त्या वर्षाची कामं ठरवते. सध्याचे अध्यक्ष म्हणजे आवाज असा की पाठीमागे सगळे त्यांना भोंगा म्हणतात. पहिल्याच सभेत त्यांनी चार कामं मांडली. कनिष्ठांना रात्री उशिरापर्यंत राबवून घेणाऱ्या फर्मना समज देणं, खोट्या ईमेलपासून सावध करणं, बंद पडलेली लिफ्ट, आणि या सगळ्यांच्या वर, पहिल्या क्रमांकावर, समक्ष सही.

समक्ष सही म्हणजे काय ते सोपं आहे. एखाद्या म्हाताऱ्याला आपले व्यवहार दुसऱ्याच्या हाती सोपवायचे असतील तर तो मुखत्यारपत्र करतो, आणि त्याखाली सॉलिसिटर लिहितो की यांनी माझ्यासमोर बसून सही केली. पुढे त्या एका ओळीवर घरं विकली जातात. गेल्या दोन वर्षांत दोन म्हाताऱ्या माणसांची घरं अशी गेली होती. ती माणसं सॉलिसिटरसमोर कधी आलीच नव्हती. कुणीतरी ओळखीचा कागद घेऊन आला, "काका आजारी आहेत हो" म्हणाला, आणि सॉलिसिटरने भिडेखातर सही ठोकली.

परिपत्रक शिक्केबाईंनीच टाईप केलं. जिन्याजवळचा कागदही त्यांनीच चिकटवला. सही करणारा समोर नसेल तर तुमचीही सही नको. परिपत्रकाच्या शेवटी दोन वाक्यं होती. यापुढे असा प्रकार आढळल्यास सनद रद्द होईल. मात्र तक्रार येण्यापूर्वी जो सभासद स्वतःहून लेखी कळवेल, त्याचं प्रकरण तिथपर्यंत नेलं जाणार नाही.

टाईप करून त्यांनी ते दोनदा वाचलं होतं, चुका तपासायला. पोटच्या पोरीचा विचार तेव्हा मनाला शिवलाही नव्हता. मनात रोज भूकंप होणाऱ्या बाईला नेमका तोच चुकला.

बुधवारी संध्याकाळी शिक्केबाई घरी आल्या तर ढब्बूचे बूट दारात. एवढ्या लवकर ती कधी येत नसे. ती स्वयंपाकघरात नळाखाली कप धूत उभी होती. कप केव्हाच स्वच्छ झाला होता.

"काय गं? बरं नाहीये का?"

"आई, दार लाव."

दार लावलं. बाहेर मास्तरांचा रेडिओ चालू होता.

"मी एक सही केली," ढब्बू म्हणाली. "नऊ तारखेला. मुखत्यारपत्रावर."

शिक्केबाईंनी पिशवी खाली ठेवली नाही.

"एक पुतण्या आला होता. आमच्या फर्मच्या मोठ्या साहेबांच्या ओळखीचा. म्हणाला, काकांना घेऊन आलोय, पण गुडघे गेलेत, तीन जिने कसे चढणार? गाडीत बसलेत खाली. मी म्हटलं, मी येते खाली. तर मोठे साहेब म्हणाले, अगं, खिडकीतून बघ की, दिसतायत ना? मी खिडकीत गेले. खाली गाडी होती. मागच्या सीटवर टोपी घातलेले म्हातारे गृहस्थ होते. मी हात हलवला. त्यांनीही हलवला."

"मग?"

"मग मी सही केली. माझ्यासमोर म्हणून."

"मग होते ना ते! दिसले ना तुला?"

ढब्बूने नळ बंद केला.

"आज त्यांच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, माझे वडील सहा तारखेपासून दवाखान्यात आहेत, हलतसुद्धा नाहीत. मग तुमच्यासमोर नऊ तारखेला कोण बसलं होतं?" तिने कप ओट्यावर ठेवला. "आई, गाडीत कोण होतं गं?"

बाहेर रेडिओवर हसण्याचा आवाज झाला. शिक्केबाईंनी खिडकी लावून घेतली. टोपी घातलेला, तोंड न दिसणारा तो माणूस जणू त्यांच्याच खिडकीखाली गाडी लावून बसला होता, आणि निवांत हात हलवत होता.

"मोठे साहेब काय म्हणतात?"

"म्हणतात, तोंड बंद ठेव. ते वर आले होते असं भेटीच्या वहीत लिहून टाक. दवाखानेवाले तारखा चुकतातच म्हणे."

आणि इथे शिक्केबाई जे बोलल्या त्याची त्यांना पुढे कित्येक दिवस लाज वाटली. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी पाहिलं नाही ना?"

ढब्बूने आईकडे पाहिलं. "ते परिपत्रक तूच टाईप केलंस ना?"

"तू माझी मुलगी आहेस."

"आणि ती त्यांची मुलगी आहे," ढब्बू म्हणाली.

त्या रात्री जेवणं झाली म्हणायची. मास्तरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि पहिल्यांदाच भूकंपाचा विनोद केला नाही.

गुरुवारी दुपारी कार्यकारिणीची सभा होती. टिपणं शिक्केबाईच घेतात. लिफ्टवर चाळीस मिनिटं वाद झाला, कनिष्ठांच्या वेळांवर दहा. मग भोंगा पहिल्या क्रमांकाच्या कामावर आले.

"परिपत्रकं काढून लोक सुधारत नसतात," ते गरजले. "एक पट्टी काढा, मग बघा. पहिला जो सापडेल ना, तो कुणाचा का जावई असेना, त्याची पट्टी खालच्या खणात! काय शिक्केबाई, जागा आहे ना खणात?"

सगळे हसले. शिक्केबाईही हसल्या. न हसून कसं चालेल?

"स्वतःहून कळवणाऱ्याला मात्र सवलत," सचिवबाई म्हणाल्या. त्या स्वतः सॉलिसिटर, पन्नाशीच्या, बोलणं मोजकं. लांबलेलं भाषण मध्येच तोडतात म्हणून त्यांना कात्री म्हणतात. "तेही तक्रारीच्या आधी कळवलं तरच. एक मिनिट जरी नंतर आलं तरी ती कबुली नव्हे, पळवाट आहे. आणि आधी काय, नंतर काय, ते आवक वही सांगेल. लिहिलंत, बाई?"

लिहिलं. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की नंतर त्यांचं त्यांनाच लागेना.

पाच वाजता खिडकी बंद होते. पाच वाजून दहा मिनिटांनी शिक्केबाई कुलूप शोधत असताना खिडकीच्या काचेवर टकटक झाली. बाहेर त्यांच्याच वयाची एक बाई होती. गळ्यात दवाखान्याचा भेटीचा पास तसाच लटकत होता. केस दोन दिवस विंचरलेले नसावेत.

"तक्रार कुठे द्यायची?"

"इथेच. पण पाचनंतर आलेल्यावर आज शिक्का बसत नाही. ते ट्रेमध्ये राहतं आणि उद्या सकाळी दहाला सगळ्यात आधी त्याचा नंबर पडतो."

"हरवणार नाही ना?"

"आजवर काही हरवलं नाही."

त्या बाईने पाकीट आत सरकवलं. पाठीमागे पाठवणाऱ्याचं आडनाव होतं. काल रात्री ढब्बूने झोप उडालेल्या आवाजात तीनदा उच्चारलेलं तेच आडनाव.

"माझे वडील नळीने श्वास घेत होते हो," ती बाई म्हणाली. तिला कुणाला तरी सांगायचं होतं. "आणि कागद म्हणतो की ते खुर्चीत बसून सही करत होते. केवढी असेल ती मुलगी? तिला काहीच वाटलं नसेल का?"

शिक्केबाईंनी पाकीट ट्रेमध्ये ठेवलं. "उद्या पहिला नंबर तुमचाच," एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

ती गेली. कचेरीत कुणी नव्हतं. शिपाई वर दिवे मालवत होता. ट्रेमध्ये एकच पाकीट होतं.

पुढचं समजायला एक गोष्ट माहीत हवी. खिडकीवर आलेलं खिडकीवरच राहतं, हा मंडळाचा सगळ्यात जुना नियम. कुणाविरुद्ध काय आलं हे घरी नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. एकतीस वर्षांत शिक्केबाईंनी तो मोडला नव्हता. मास्तर चिडवायचे, "तुझ्या पोटात इतकी गुपितं आहेत की तुला भूक कशी लागते?"

त्या संध्याकाळी त्या बसने न जाता पायी घरी गेल्या. पाकीट आलंय हे ढब्बूला सांगावं तर नियम मोडतो. न सांगावं तर लेक उद्या, परवा, सोमवार करत बसेल आणि आयुष्यातून उठेल. आणि तिसरीही एक वाट होती. तिच्याकडे त्या सरळ पाहत नव्हत्या, पण ती पावलागणिक बरोबर चालत होती. ट्रेमध्ये पाकीट कधी आलं हे कुणाला ठाऊक आहे? ढब्बूने उद्या सकाळी पत्र दिलं आणि त्यावर आधी शिक्का पडला तर? दोन नंबर. वरचा खाली, खालचा वर. शाई तीच, हात तोच.

घरात शिरताच त्या म्हणाल्या, "ढब्बू, लिहायचं असेल तर आज लिही."

ढब्बूने मान वर केली. "का? काही कळलं का तुला?"

"मी आई आहे म्हणून सांगतेय. सगळं लिही. मोठे साहेब, पुतण्या, खिडकी, हात हलवला तेसुद्धा. जवळ जेवढे कागद असतील तेवढ्यांच्या प्रती जोड."

"माझी नोकरी जाईल, आई."

"जाऊ दे."

"सनदही जाईल."

शिक्केबाईंनी कपाटातून कोरे कागद काढले. मास्तर रेडिओ बंद करून उठले, टेबलावरचा पसारा बाजूला केला, दिवा पुढे ओढला आणि लेकीला म्हणाले, "बस इथे. शुद्धलेखन मी तपासतो." त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण दार काही एवढं जाड नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पावणेदहाला शिक्केबाई खिडकीशी बसल्या. चौदावी ओळ पुसली. पाकीट ट्रेमध्ये होतं तसंच. त्यांनी ते उचललं नाही. पावणेदहा ते दहा या पंधरा मिनिटांत शिक्क्याची मूठ त्यांनी दोनदा पुसली.

दहाला दोन मिनिटं कमी असताना ढब्बू आली. हातात लांब पाकीट. काचेपलीकडे उभी राहिली. काल रात्रीपासून ती फक्त पाणी प्यायली होती.

दहाचे ठोके पडले.

शिक्केबाईंचा एक हात काचेतून येणाऱ्या लेकीच्या पाकिटाकडे गेला. हात खरंच गेला, हे त्यांनी पुढे स्वतःशी कधी नाकारलं नाही. पाकिटाचा कोपरा त्यांच्या बोटांना लागला. मग आदल्या संध्याकाळचा स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू आला. उद्या पहिला नंबर तुमचाच.

"एक मिनिट थांबा," त्या लेकीला म्हणाल्या. खिडकीवर त्या कुणालाच अरे-तुरे करत नसत. "तुमच्या आधीचं एक आहे."

ट्रेमधलं पाकीट त्यांनी घेतलं. शिक्का उचलला. तो खाली पडताना नेहमीसारखाच आवाज झाला, ठप्प. वहीत चारशे अकरा लिहिलं, पाठवणाऱ्याचं आडनाव लिहिलं, आणि समोर नियमाप्रमाणे शेरा घातला. आदल्या दिवशी पाच दहाला हस्ते प्राप्त.

ढब्बू उलट्या बाजूने वही वाचत होती. सॉलिसिटरांना उलटं वाचायची सवय असते. आडनावाशी तिचे डोळे थांबले.

"आई," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "तुला काल माहीत होतं."

"तुमचं द्या," शिक्केबाई म्हणाल्या.

ढब्बूने हात मागे घेतला. एक क्षण तिने जिन्याकडे पाहिलं. आता या पाकिटाचा उपयोग तरी काय, हे तिच्या कपाळावर लिहिलेलं होतं. आईने तिच्याकडे पाहिलं नाही, वहीकडे पाहिलं. ती पळाली तर पळताना दिसू नये म्हणून.

पाकीट आत आलं.

ठप्प. चारशे बारा.

दोन्ही पाकिटं घेऊन शिक्केबाई सचिवबाईंच्या खोलीत गेल्या. आवक वही आणि खणांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "चारशे बारा माझ्या मुलीचं आहे," त्या म्हणाल्या. "यापुढे या दोन्ही फायलींना माझा हात लागू देऊ नका."

सचिवबाईंनी दोन्ही पत्रं उभ्यानेच वाचली. पहिल्या पत्रात दवाखान्याच्या नोंदी होत्या, आणि पुतण्याने अरेरावीने फोनवर पाठवलेला मुखत्यारपत्राचा अर्धवट फोटो. कोणतं घर, कोणता व्यवहार, ते त्या बिचारीला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या पत्राला पूर्ण प्रत जोडली होती, घराच्या तपशिलासकट, पुतण्याच्या पत्त्यासकट. सचिवबाईंनी फोन उचलला आणि नोंदणी कार्यालयाला जोडून मागितला. त्या घराचा विक्रीचा कागद त्याच दिवशी दुपारी तीनला नोंदवला जाणार होता. तो थांबला.

"बाहेर बसा," सचिवबाई म्हणाल्या. "पाणी प्या."

शिस्त समिती बसायला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत ढब्बूची नोकरी गेली. मोठ्या साहेबांनी तिच्या टेबलावरचं सामान खोक्यात भरून शिपायाहाती घरी पाठवलं. पुढे त्यांनाही नोटीस गेली, पण ते सगळं वेगळं प्रकरण. घरी बेल वाजली की ढब्बू आधी खिडकीतून खाली बघायची, गाडी उभी आहे का ते. शिक्केबाईही बघायच्या, तिला कळू न देता. एकदा खरंच एक टोपीवाले गृहस्थ समोरच्या बाकावर बसले होते. दोघी पडद्याआड श्वास रोखून उभ्या राहिल्या. ते उठले, कुत्र्याला हाक मारली आणि गेले. मायलेकी हसू लागल्या, पण ते हसू थांबता थांबेना, आणि शेवटी ढब्बू रडली.

समितीच्या दिवशी शिक्केबाई आयुष्यात पहिल्यांदा त्या दाराच्या बाहेर बसल्या. आत खुर्च्या सरकल्याचे आवाज. भोंग्यांचा आवाज दारातूनही कळत होता. "पहिला सापडेल त्याची पट्टी, असं मी सगळ्यांसमोर बोललोय!" मग त्यांनाच आत बोलावलं.

ढब्बू टेबलाच्या टोकाला बसली होती. तिच्या समोर ती दवाखान्याच्या पासवाली बाई. आज केस विंचरलेले होते.

"शिक्केबाई," भोंगा म्हणाले, आवाज कधी नव्हे तो खाली होता. "तक्रार गुरुवारी संध्याकाळी आली. तुमची मुलगी शुक्रवारी उजाडताच कबुली घेऊन हजर. तुम्ही तिला सांगितलंत?"

"नाही."

"एका घरात राहता. जेवायला एकत्र बसता."

"लिही म्हणाले. का ते नाही सांगितलं."

"यावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा? कुणी साक्षीदार?"

साक्षीदार कोण असणार? एकतीस वर्षं ज्यांच्या शब्दावर कागद पुढे सरकत आले, त्यांच्यापाशी आज स्वतःच्या शब्दाला दुसऱ्या कुणाची सही नव्हती. मुलीची सनद तर जाईलच, आता आपलंही नाव जाणार, असं शिक्केबाईंना वाटलं.

सचिवबाईंनी आवक वही उघडून टेबलाच्या मध्यभागी सरकवली.

"साक्षीदार ही," त्या म्हणाल्या. "ट्रेमधलं पाकीट यांच्याखेरीज कुणी पाहिलं नव्हतं. मुलगी काचेपाशी उभी होती. यांना फसवायचंच असतं तर अकरा आणि बारा एवढीच अदलाबदल पुरे होती, आणि आज आपण इथे बसलो नसतो. ती यांनी केली नाही. ज्या बाईने ते केलं नाही, ती घरी जाऊन नियम मोडेल असं मला वाटत नाही. कुणाला वाटत असेल तर बोला, लवकर बोला."

बोलली ती तक्रारदार बाई.

"मला कायदा कळत नाही," ती म्हणाली. "हिच्यावर माझा राग आहे. अजूनही आहे. तो जाईल असं नाही. पण बाबा परवा घरी आले. त्यांच्या घरी. ते घर हिच्या कागदामुळे राहिलं." तिने ढब्बूकडे पाहिलं. "तू खाली का नाही उतरलीस गं? तीनच जिने होते."

"चुकलं," ढब्बू म्हणाली.

निकाल संध्याकाळी आला. सवलत मिळणार नाही, कारण कबुली तक्रारीनंतरची. पण सनद रद्द नाही. एक वर्ष बंद.

गाडीतला माणूस कोण होता ते पुतण्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पोलिसांनी दोघातिघांना बोलावलं आणि सोडलं. ढब्बू म्हणते, त्याचा चेहरा तिला कधीच दिसला नव्हता, पण हात दिसला तर ती अजून ओळखेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्या परत शिक्केबाईंच्या हाती आल्या. पट्टी उलटण्याचं काम तर त्यांचंच. सचिवबाई म्हणाल्या, "शिपायाकडून करवून घेते, तुम्ही नका करू." शिक्केबाई नको म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं. इतक्यात दारातून ढब्बू आली.

"तू कशाला आलीस?" शिक्केबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. खिडकीवरचं 'तुम्ही' त्या विसरल्या.

"माझ्यासमोर कर," ढब्बू म्हणाली.

वाचनालयाच्या दारात ते वर्तमानपत्रवाले गृहस्थ येऊन उभे होते. नेहमी फलकासमोर खाली जाणारी त्यांची मान आज वर होती. ढब्बूने स्टूल दोन्ही हातांनी धरलं. आई चढली. चौदावी ओळ, सहावी पट्टी. चार वर्षं रोज पुसल्यामुळे ती बाकीच्यांपेक्षा सहज सरकली. शिक्केबाईंनी ती बाहेर काढली, फिरवली आणि परत आत सारली. कोरी बाजू पूर्ण कोरी नव्हती. सुताराने कधीतरी पेन्सिलीने जागेचा आकडा लिहून ठेवला होता.

"खालचा खण नाही ना लागला?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"नाही," ढब्बू म्हणाली.

"बरं, बरं," ते म्हणाले आणि आत गेले.

शिक्केबाई अजूनही सकाळी आल्या की चौदावी ओळ पुसतात. आधी पट्ट्या मोजतात. सहावी जागेवर आहे हे दिसलं की मगच रुमाल काढतात.